टिकलीच्या गळ्यातला दोरा

टिकली पुन्हा खोकायला लागली आणि रत्नप्रभाबाईंचा जीव टांगणीला लागला. खोकला तरी कसला, बदक ओरडल्यासारखा! एवढीशी ती पॉमेरेनियन कुत्री, खोकताना डोळे पांढरे करायची.

"दृष्ट लागता माझ्या बायेक," बाई म्हणायच्या. घाटकोपरच्या त्या बिल्डिंगमध्ये जो तो तिचे गाल ओढणार, मग दृष्ट लागेल नाही तर काय! 'कुत्रा आणलंस तर मी गावाक जातलंय,' असं सुनेला ठणकावणारी हीच बाई बरं का. पण नवरा गेल्यावर टिकलीवाचून घास उतरेना. आपल्या ताटातला शिरा भरवून तिचा पार भोपळा केला होता.

शेवटी श्रुतिकानं, म्हणजे सुनेनं, दोघींना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"या छोट्या जातीची श्वासनळी मुळातच नाजूक. जरा दाबली की खोकला. वजन उतरवा, उदबत्तीचा धूर नको, आणि गळ्यात पट्टा तर अजिबात नको. छातीचा घ्या, तोही दोन बोटं आत जातील असा."

"पट्टा नाहीच आहे," श्रुतिका म्हणाली.

डॉक्टरांची बोटं टिकलीच्या मानेवरच्या केसांत थांबली. आत एक काळा दोरा रुतून बसला होता. त्यांनी कात्री उचलली.

"कापू नका!" रत्नप्रभाबाई ओरडल्याच. "मीच बांधलाय. तेव्हा सैल होता हो. ह्यांच्या मनगटातला. हॉस्पिटलात शेवटपर्यंत होता." मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हटलं, हिला तरी राखील."

बाईंनी चष्मा वर सरकवून नखांनी गाठ सोडवायला घेतली. टिकली मुकाट त्यांचा अंगठा चाटत राहिली. दोरा सुटला तशी तिनं अंग झटकलं आणि भरभरून श्वास घेतला. बाईंना मात्र हुंदका आवरेना. "मीच तुझो गळो आवळलंय गो बाये!"

"नळी कमजोर होतीच, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "आता जपा. मजेत जगेल."

परतताना रिक्षात बाईंची दोऱ्यावरची मूठ मिटलेलीच. दृष्टीबिष्टीला वर्षभर हसणाऱ्या श्रुतिकानं हात पुढे केला. "आई, मला बांधा."

"तू? तू तर हसतेस."

"हसेनही. पण बाबांचा आहे ना."

बाईंनी गाठ मारली. मग दोऱ्याखाली आपली दोन बोटं घालून बघितली, आणि तरीही विचारलं, "घट्ट नाय ना गो झालो?"