एकाच माणसाची नोंद

"मॅडम, ही बाई तिसऱ्यांदा लिहितेय," मी म्हणालो.

मॅडमनी मान वर केली नाही. "माणसं किती?"

"एकच."

"मग ती एकच नोंद, काका. पुढचं बघा."

आमचं काम तसं सोपं. गावभरचे लोक फोनवर जे काही लिहितात, ते यंत्र चाळतं आणि आग, पूर, अपघात असं काही दिसलं की आमच्यापुढे टाकतं. एकाच भागाबद्दल पाच वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं, की ओळ लाल होते आणि बचावाची गाडी आपोआप निघते. पाचाच्या आत पिवळी. पिवळीवर मनाला पटलं तर आपण फोन करून गाडी पाठवायची. अकरा वर्षं मी हेच करतोय. बायको म्हणते, "घरचं सोडून जगाचं वाचता."

गेल्या महिन्यात एका पिवळीवर मी गाडी पाठवली आणि ती थाप निघाली. मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, इथे वाचायला बसता की विश्वास ठेवायला?" सगळे खो खो हसले, मीही हसलो. तेव्हापासून मी ताकही फुंकून पीत होतो.

बाईनं आधी लिहिलं होतं, "नाल्याचं पाणी घरात शिरलंय. मदतीचा नंबर लागत नाही." मग, "आई अंथरुणाला खिळलेली आहे, एकटीला उचलत नाही." आणि आता, "खाटेखाली विटा लावल्यात. अजून चढतंय."

विटांचं कोण खोटं लिहील? माझा हात फोनकडे गेला आणि परत आला. मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. नाल्याकाठची तिची वस्ती सातच घरांची, बाकी सगळी म्हातारी माणसं, लिहिणारी ती एकटीच, हे मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिनं लिहिलं, "आई गेली. शेवटपर्यंत तिचं डोकं पाण्यावर धरून होते." खाली लोक हळहळू लागले. पुरानं घात केला, फार वाईट झालं. यंत्रानं त्यांनाही मोजलं. पाचव्या माणसालाच ओळ लाल झाली, बघता बघता चाळीस माणसं झाली.

मॅडम धावत आल्या. चारही मजकूर त्यांनी उभ्यानंच वाचले. "आता गाडी थांबवू का, काका?" त्यांनी विचारलं.

"नको. ती बाई अजून तिथंच आहे."

मी खाली उतरलो आणि निघायच्या बेतात असलेल्या गाडीचं दार उघडलं.

"काका, तुम्ही कशाला?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कालच यायला हवं होतं."

त्यानं सीटवरचा दोर उचलून मला जागा करून दिली.