मधली भिंत कुणी पोखरली

त्या वर्षी मार्च उजाडला आणि सासूबाईंच्या खरबुजाच्या वाफ्यावर पांढरंफटक मीठ फुटलं. आमच्या खीवा शहराकडच्या, वाळवंटाकाठच्या जमिनीचा तो जुनाच आजार. सासूबाईंनी, म्हणजे अनाबीबींनी, चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकल्या. "रश्शात घाला," म्हणाल्या. "मीठ विकत आणायला नको."

यावर औषध एकच. मातीच्या जुन्या भिंतीचा भुगा शेणखतात कालवून वाफ्यात घालायचा. वर्षानुवर्षं उन्हात तापलेली ती माती जमिनीत पुन्हा जीव आणते. पण आता गावभर विटा झाल्यात. मातीची भिंत उरली होती ती आमच्या आणि शेजारच्या मत्याकूबच्या बागेमधली. आणि मत्याकूबशी सासूबाईंनी नऊ वर्षं अबोला धरला होता. त्याच्या मेंढ्याने आमचे कांदे फस्त केले, तेव्हा माफी मागायची सोडून तो म्हणाला होता, "त्याला चवीचं कळतं."

मग रोज दुपारी, गाव जेवून आडवं झालं की, सासूबाई कुदळ घेऊन जर्दाळूच्या झाडाआड भिंत खरवडायच्या. घमेली वाहायला मी.

"आई, भिंत दोघांची आहे," मी म्हटलं.

"मी माझ्याच बाजूची घेतेय."

नवव्या दिवशी कुदळ आरपार गेली. पलीकडे दुसरी कुदळ दिसली आणि तिच्यामागे दाढीभर धूळ घेऊन मत्याकूब. त्याचा ढीग आमच्या दुप्पट होता.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "विचार त्याला, हे काय चाललंय?"

मत्याकूबही माझ्याशीच बोलला. सासूबाईंना तो आपा, म्हणजे ताई, म्हणायचा. "आपांना सांग, घुशी झाल्यात. बीळ शोधतोय."

"सांग त्याला, घूस सापडली म्हणावं. दाढीवाली आहे."

मी तोंड उघडणार, तोच वरून चर्र असा आवाज झाला. दोन्ही बाजूंनी पोखरलेली भिंत जागच्या जागी बसली. धुरळा खाली आला तेव्हा दोघंही गुडघाभर मातीत रुतून समोरासमोर उभी होती.

"आपा, लागलं का कुठे?" मत्याकूब घाबरून थेट बोलून गेला.

"लागतंय कुठलं! हात दे आधी," सासूबाई म्हणाल्या. मग त्याच्या पांढऱ्या भुवया बघून त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. तोही हसायला लागला.

माती वाटून घेताना पुन्हा भांडण झालं, पण तोंडावर. शेवटी दोन्ही ढीग एक केले. मत्याकूबने मेंढ्यांच्या लेंड्यांचं कुजलेलं खत आणलं. "कांदे परत केले बघा," म्हणाला. सासूबाईंनी ते हुंगून पसंत केलं.

ऑगस्टात वेल दोन्ही बागांत मोकाट पसरले. खरबुजं अशी लागली की कुणाचं कुठलं, हे ठरवायला रोज चहा लागायचा.

माझ्या नवऱ्याने शरदात विटांची गाडी मागवायचा विषय काढला. दोघंही एकदम त्याच्यावर ओरडली.

"विटा?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या नातवंडांनी वाफ्यात काय घालायचं?"

दुसऱ्या दिवशी मत्याकूब विजार वर खोचून नव्या मातीच्या भिंतीसाठी चिखल तुडवायला उतरला. सासूबाई काठावर बसून त्याला पाय नीट उचलायला सांगत होत्या.