माझा गेलेला मीटर

मी टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, जमीन मोजायची. चामड्याची गोल डबी, पितळी मूठ आणि पोटात तीस मीटर पिवळी कापडी पट्टी. खरं सांगायचं तर एकोणतीसच, पण ते पुढे येईल.

कारखान्यातून मी थेट परवाना कार्यालयात आले. नदीकाठी खडीची खाण काढायची असो की डांबराचा प्लांट टाकायचा असो, अर्ज आला की माझं काम निघायचं. नियम सरळ होता. सगळ्यात जवळच्या राहत्या घराच्या दारापासून हद्दीपर्यंत पाचशे मीटर अंतर हवं. एक जरी कमी भरला, तरी अर्ज परत.

माझी मूठ असायची मोजणीदार साहेबांच्या हातात आणि टोकाची कडी शिपायाच्या. त्या शिपायाला सगळे टोकवाले काका म्हणत. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही धरलंच नव्हतं.

एकदा खाणीवर खडीचा ट्रक माझ्या टोकावरून गेला आणि पहिल्या मीटरच्या चिंध्या झाल्या. साहेबांनी नव्या टेपची मागणी केली. तिच्यावर इतक्या सह्या झाल्या की कागदावर जागा उरली नाही, पण टेप काही आली नाही. मग काकांनीच एक मीटरच्या खुणेवर कडी शिवून टाकली. तेव्हापासून मला ताणलं की काका टोकाकडून ओरडायचे, "एक गेला!" आणि साहेब वहीत तिसाच्या जागी एकोणतीस लिहायचे. दिवसभर माळावर ती हाक चालायची. मला बरं वाटायचं. आपलं जे गेलं त्याची कुणीतरी इतक्या मोठ्यानं आठवण काढतंय, हे काय कमी आहे?

काका निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. साहेबांचाही शेवटचा महिना उरला होता, तेवढ्यात डांबर प्लांटचा अर्ज आला. जवळचं घर होतं लाँड्रीवाल्या मावशींचं. अंगणात दोरीवर गावभरच्या चादरी आणि शर्ट वाळत होते.

"साहेब, नीट मोजा हं," मावशी म्हणाल्या. "त्या धुराची काजळी एकदा कपड्यांवर बसली, की माझं दुकान बसलं."

"मावशी, मी कधी वाकडं मोजलंय का?"

कडी धरायला जावक विभागातला कारकून आला होता. एका हातात मी, दुसऱ्या हातात मोबाईल. हाक नाही की काही नाही. सोळा वेळा मी पूर्ण ताणले गेले, सतराव्यांदा सव्वीसपर्यंत. साहेबांनी लिहिलं : पाचशे सहा. त्यांच्या कानांना हाकेची इतकी सवय होती, की ती आली नाही तेव्हा हात वजा करायचंच विसरला. मी केवढं ताणून ओरडले! पण टेपचं कोण ऐकतं?

सोमवारच्या सभेत परवाना मिळणार होता. रविवारी मी साहेबांच्या घरी पिशवीत होते. त्यांची सून दोन महिन्यांपूर्वीच घरात आली होती. तिचा आवाज अजून स्वयंपाकघराच्या बाहेर पडत नव्हता. आदल्या दिवशी तिनं गुपचूप मला घेऊन खिडकी मोजली होती आणि त्या मापानं कापड आणून पडदे शिवले होते. आज ते लावले, तर हातभर नाही, चांगले मीटरभर जमिनीवर लोळायला लागले.

"सूनबाई, पडदे शिवलेस की तंबू?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, टेपनं मोजलं होतं हो. अडीच भरलं."

साहेब पोट धरून हसले. "अगं, ती टेप ना? तिच्यात एक वजा करायचा अस..."

आणि हसू तिथंच थांबलं. त्यांनी वही काढली, पान उघडलं. सोळा वेळा तीस, वर सव्वीस. सतरा मीटर जास्त. खरं अंतर चारशे एकोणनव्वद.

"आता कुणाला कळणार आहे?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "निरोपाच्या तोंडावर स्वतःच्याच हातानं डाग कशाला लावून घेता?"

"टेपला ठाऊक आहे," साहेब म्हणाले.

मी डबीतल्या डबीत सरळ झाले.

सभेत साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मोजणी चुकली. चूक माझी आहे. पुन्हा मोजू द्या." कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं. कारकून नेमका रजेवर. त्या दुपारी टोक धरायला सूनबाई आली; काकांची हाक साहेबांनी तिला वाटेत सांगून ठेवली होती. प्लांटवाले, सभेतले दोघं आणि मावशी बघत उभे होते. तिनं कडी दाराशी टेकवली, मी ताणले गेले. मग तिनं मान वर केली आणि दोरीवरच्या चादरी हलतील अशा आवाजात ओरडली, "एक गेला!"

मावशी दचकल्याच. साहेबांनी लिहिलं, एकोणतीस.

"अकरा मीटरनं काय आकाश कोसळतं का?" शेवटी प्लांटवाले वैतागले.

"मग ते अकरा मीटर तुमच्या गच्चीवर नेऊन वाळत घाला की," मावशी म्हणाल्या.

अर्ज परत गेला. प्लांट झाला, पण टेकडीपलीकडे. साहेबांच्या शेवटच्या अहवालात 'मोजणीत चूक' असा शेरा पडला. तो त्यांनी स्वतःच सुवाच्य अक्षरात लिहिला.

आता कार्यालयात लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र आहे. मला भंगारात काढलं, तेव्हा साहेबांनी मागून घेतलं. मी खिडकीजवळच्या खिळ्याला असते. माळ, ती खडी, काकांची हाक आठवत पडून राहते. ते पडदे अजून आहेत. सूनबाईनं जादा कापड कापलं नाही, आत दुमडून टाके घातले. वाऱ्यानं पडदा फुगला की ती दुमड दिसते. माझा गेलेला मीटर तिथं आहे, असं मी धरून चालते.

एवढंच मागणं आहे. कुणाच्या दारापासून काही मोजायला निघालात, तर टोकाशी एक माणूस उभा करा. आणि काय गेलं, ते त्याला मोठ्यानं सांगू द्या.