साबणाचे आजोबा

गळ्याची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या.

नात स्टुलावर चढली होती आणि तिच्या हातात माझ्या नवऱ्याचं डोकं होतं. साबणाचं.

"आजी, नाक गेलं!"

या पोरीच्या पायाला भिंगरी आणि हातांना नुसती खाज. मूर्ती करायच्या, पण माती नको, दगड नको. आधी अंड्यांची टरफलं झाली, मग जुने एक्स-रे, मग सलूनमधले केस. तेव्हा तर आठवडाभर घर शिंकत होतं. शेवटी घरोघर हिंडून झिजलेल्या साबणाच्या वड्या आणल्या, वितळवल्या आणि त्यातून आजोबा कोरले. चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढलेला माणूस, त्याला साबणच शोभला. जाऊन सहा महिने झाले होते त्यांना.

प्रदर्शनासाठी मूर्ती निवडणाऱ्या बाई अकराला येणार होत्या. निवड नाही झाली तर सोमवारपासून टाइल्सच्या दुकानात नोकरी, असं तिच्या बापानं बजावलेलं. आणि इथे नाक गायब, गाल गुळगुळीत!

"शेजारचं मांजर," मी म्हटलं. "चाटताना पाहिलं ना मी! दोन दिवस फुगे ढेकरतंय. एक फुगा तर बसमध्ये शिरला, कंडक्टरनं तिकीट मागितलं त्याला."

"आजी, गप्प बस गं!"

तिनं चाकू उचलला, टाकला. नवं नाक चिकटवलं, उपटलं. खिडकी ते दार, दार ते खिडकी. "फोडूनच टाकते!"

"फोड," माझा लेक दारातून म्हणाला. "सुटशील एकदाची."

तेवढ्यात बाई आल्याच.

"कोण हे?"

"आजोबा."

"आणि नाक?"

"झिजलं."

बाईंनी मूर्तीभोवती दोन चकरा मारल्या. "असंच आण. पण आता बोट जरी लावलंस, तर दारातून परत पाठवीन."

मूर्ती न्यायला चार दिवस होते. चारही दिवस पोरगी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. शेजारी मी, माझेही तसेच.

बरं, मांजराचं तेवढं खोटं. ते बिचारं साबणाला शिवलंही नाही. रोज सकाळी पोरगी आंघोळीला गेली, की मीच ओल्या फडक्यानं यांचं तोंड पुसायचे. शेवटच्या आजारपणात पुसायचे, तसं.

ओला झाला की गाल जरा मऊ लागायचा.