आठ नसलेली संख्या आणि माझा विसरलेला हातचा

मित्रांनो, हाताने दांडा फिरवून चालवायचे लोखंडी गणकयंत्र तुम्ही पाहिले आहे का? मी तेच. माझ्या कपाळावर आकडे दाखवणाऱ्या नऊ खिडक्या आहेत. कारखान्यातून मी थेट पुलांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत आले आणि तिथे गणिते करणाऱ्या ताईंच्या हाती पडले. त्या संख्या लावत आणि दांडा फिरवत. जितके फेरे, तितक्या वेळा मी ती संख्या मिळवत असे. भलेभले गुणाकार चुटकीसरशी होत. सगळे माझे तोंडभरून कौतुक करत.

पुढे काम वाढले. मला तेल घालायला कुणाला सवड मिळेना. अशातच एका नव्या पुलाचे गणित चुकले. दोन काठांकडून येणारे भाग कागदावर मध्यभागी वीतभर वरखाली होत होते.

"ताई, तुमचं हल्ली लक्ष नसतं," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "उद्यापासून हे काम दुसऱ्याकडे देतो."

ताईंचा चेहरा उतरला. वीस वर्षांत त्यांना असे कुणी बोलले नव्हते.

"द्या साहेब. पण आधी एक संख्या फिरवू द्या." त्यांनी लावली १२३४५६७९.

"अहो, आठ राहिला!"

"राहिला नाही, ती आहेच तशी. नवानं गुणलं की नुसते एक येतात, अठरानं गुणलं की नुसते दोन. बघा आता."

नऊ फेरे झाले. नऊही खिडक्यांत एक! आणखी नऊ, सगळीकडे दोन. साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. तीन, चार, पाच, सहा... मग सातांची रांग लागली, पण मधल्या खिडकीत सहाच राहिला.

मला फार शरम वाटली. माझ्या आत हातचा पुढे देणारी एक पट्टी झिजली होती. अधूनमधून मी हातचा विसरत होते आणि बोलणी ताईंना बसत होती.

"मग भंगारात काढू या हे," साहेब ओशाळून म्हणाले.

"अहो, कुठं दुखतंय ते आत्ता तर कळलं! औषध तरी करू."

कारागीरकाकांनी मला उघडले, धूळ काढली, पट्टी बदलली. ताईंनी एक्याऐंशी फेरे दिले. नऊही खिडक्यांत नऊ उभे राहिले, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. गणित पुन्हा झाले. पूल जुळला.

आता मी एका शाळेत असते. परवा एका मुलीने त्याच संख्येतल्या आकड्यांची बेरीज केली. सदतीस आली. मग तिने त्या संख्येलाच सदतीसने भागले.

"बाई, बाकी शून्य!" ती ओरडली.

हजारो वेळा ती संख्या माझ्या चाकांवरून गेली असेल, पण ही गंमत मला ठाऊकच नव्हती!

मित्रांनो, कुणाचे चुकले तर ते नेमके कुठे चुकले, हे आधी शांतपणे शोधा. आणि महिन्याकाठी मला दोन थेंब तेल घालत जा. भागाकारातून आलेल्या ३३३६६७ कडे ती मुलगी डोळे बारीक करून बघते आहे. तिला माझी अजून बरीच गरज लागणार, असे दिसते.