तेल काढलेला दाणा

“चॉकलेटवाला न्हाई पायजे म्हणलं ना दादा! साधा दाखवा, साधा!”

सुकन्यानं तिसरा डबा काउंटरवरून परत सरकवला. हिंगोलीतलं ते दुकान जिमच्या पोरांचं. भिंतीवर दंडाच्या बेडकुळ्या काढून उभे असलेले गडी, त्यांच्या खाली घागरीएवढे डबे, आणि या सगळ्याच्या मधोमध धोतर-टोपीतला ग्यानोबा. वय अठ्ठावन्न, वजन चोपन्न. दुकानदारानं आधी भिंतीवरच्या गड्याकडं बघितलं, मग ग्यानोबाकडं.

“काकांना बॉडी बनवायचीय का?”

“बनलेली होती,” ग्यानोबा म्हणाला. “गेली. तीच वापस पायजे.”

सुकन्या फिसकन हसली. बाप पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी चटकदार बोलला होता.

पाच महिन्यांपूर्वी त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली. नऊ दिवस नांदेडला दवाखान्यात. सुटताना डॉक्टरांनी बजावलं, तेल-तूप नावापुरतं, तळलेलं बंद, शेंगदाणे बंद. आता आखाडा बाळापूरचा माणूस, त्यात बाबूसिंगच्या लाकडी घाण्यावर तीस वर्षं शेंगदाण्याचं तेल काढणारा, आणि त्याला म्हणायचं दाणे बंद! ज्वारीची भाकर आणि दाण्याची चटणी, हे त्याचं जेवण. भाजी असली तर असली. चटणी गेली आणि माणसाचा घासच गेला. मुगाचं पाणचट वरण बघितलं की मान फिरवायचा. एकाहत्तर किलोचा गडी चोपन्नवर आला. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, सूज उतरलीय, पण वजन असंच उतरत राहिलं तर परत भरती करावं लागेल. काहीही करा, पण खा. पुढची तपासणी महिन्यानं.

हे पावडरचं डोकं दवाखान्यातल्या आहाराच्या शीतल मॅडमचं. बरंचसं तेल काढून टाकलेल्या दाण्याचं पीठ मिळतं म्हणाल्या, पीनट बटर पावडर. बघा जमलं तर. सुकन्या हिंगोलीला डी. फार्मला होती. तिनं गुरुवारी बापाला सरळ एसटीत घालून आणलं.

“याच्यात साखर,” ती पाकिटं उलटी करकरून वाचत होती. “याच्यात साखर, मीठ अन् कसला तरी वास घातलेला.” शेवटी तिनं मॅडमला फोनच लावला.

“समोरचं काही वाचू नको,” मॅडम म्हणाल्या. “मागं बारीक अक्षरात बघ. एकच नाव पाहिजे, शेंगदाणा. आणि शंभर ग्रॅममागं फॅट किती?”

“बारा.”

“साध्या पीनट बटरमध्ये पन्नास असतं. घे तेच. दिवसाला दोन चमचे, त्याच्यावर नाही. पोटात दुखलं तर लगेच बंद, आणि मला फोन.”

ग्यानोबानं पाकीट हातात घेऊन तोललं. “दाण्यातलं तेल काढल्यावर दाण्यात राह्यतं काय, बाई?”

“प्रथिनं राह्यतात आबा. ताकद.”

“अन् चव?”

सुकन्यानं पाकीट उलटं करून परत एकदा बघितलं.

घरी सुकन्याची आई, पंचफुलाबाई, नव्हती. भावाच्या नातीचं बारसं होतं, ती माहेरी हट्ट्याला गेली होती. सुकन्यानं दोन चमचे पावडर घेतली, लसूण ठेचला, तिखट, जिरं, मीठ आणि पाण्याचा हबका. कालवलं तर रंग थेट चटणीचा! भाकर थापून ताट पुढं ठेवलं आणि समोर बसली.

“बघू नको माझ्या तोंडाकडं,” ग्यानोबा म्हणाला.

“बघंल. पाकीट मी निवडलं.”

त्यानं घास घेतला. चावला. थांबला. सुकन्या पुढं सरकली.

“काय झालं? दुखलं का?”

“थांब.” त्यानं हात वर केला, डोळे मिटले. “आला.”

“काय आलं?”

“दाणा आला! मागून आला, पण आला!”

दीड भाकर खाल्ली त्या दिवशी. बोटानं ताट पुसून घेतलं. सुकन्यानं रिकाम्या ताटाचा फोटो मॅडमला पाठवला, वर्गातल्या मैत्रिणींना पाठवला, आणि मामाला पाठवला तेव्हा मामानं विचारलं, ताट नवीन घेतलं का?

दोन दिवस घरात सण होता नुसता. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आली. घरात कुणी नव्हतं. दावणीला म्हैस हंबरत होती. मागच्या दाराशी फळीवर झाकणाचा एक डबा दिसला. पाकीट नीट बंद होत नाही म्हणून सुकन्यानं पावडर त्यात ओतून ठेवलेली. पंचफुलाबाईनं झाकण काढून वास घेतला. तीस वर्षं नवरा घाण्यावरून पेंड आणायचा, मिळेल त्या भांड्यात, आणि ती भिजवून म्हशीला लावायची. तिच्या नाकाला विचारायची गरजच नव्हती. “पेंड आणून ठेवली अन् भिजवायचं कळंना बापलेकीला,” असं म्हणत तिनं अख्खा डबा म्हशीच्या लोखंडी टोपल्यात उपडा केला.

सुकन्या कॉलेजातून आली ती थेट फळीकडं.

“माय! या डब्यातलं कुठंय?”

“कुठं म्हंजे? भिजवलं, म्हशीला लावलं.”

“सगळं?”

“होतं किती? चुरा होता नुसता. पण काय गोडीनं खाल्लं माय! टोपलं चाटून राह्यली अजून.”

“अगं ती आबाची पावडर होती! खास हिंगोलीहून आणली! मॅडमला फोन करून आणली!”

पंचफुलाबाईचा चेहरा उतरला. पण हार मानणारी बाई नव्हे ती. “मग तिला पेंडीचा वास काहून येऊन राह्यला?”

ग्यानोबा नुकताच पायरीवर टेकला होता. त्यानं दोघींचं ऐकलं, म्हशीकडं बघितलं, आणि हसायला लागला. पोट धरून, टोपी पडेपर्यंत. पंचफुलाबाईला कळेना, हसावं की रडावं. आणि मग तो एकदम उठला.

“तिचं बराबर हाय!”

“म्हशीचं?” पंचफुलाबाई म्हणाली.

“तुझं बी अन् म्हशीचं बी! अगं, दाण्यातलं तेल काढलं की राह्यते ती पेंडच. तीस वर्षं मी हेच काढून राह्यलो. तेल लोकायच्या घरी, पेंड जनावराला. अन् मी उपाशी बसलो!”

“आबा, ती जनावराची,” सुकन्या घाईनं म्हणाली. “खवट दाणा असतो, बुरशी, माती. माणसानं खायची न्हाई ती.”

“ते मला नको शिकवू. मी चांगल्या दाण्याची काढतो. उद्याच!”

दुसऱ्या दिवशी घाण्यावर बाबूसिंगनं आधी ग्यानोबाच्या कपाळाला हात लावून बघितलं. “ताप न्हाई. मग पेंड खातो काहून म्हणतो रे?”

“शेठ, एक दिवस घाणा द्या. तेल तुमी ठेवा. मला खालचं पायजे.”

“आजपर्यंत असं गिऱ्हाईक आलं न्हाई बाबा.”

पाच किलो दाणे पंचफुलाबाईनं ओट्यावर पसरून एकेक निवडले. काळा दिसला बाजूला, सुरकुतलेला बाजूला, फुटका बाजूला. चुकलेली बाई होती ना, डोळ्यांतून एक दाणा सुटू दिला नाही तिनं. मग मंद भाजले, चोळून टरफलं उडवली. ग्यानोबानं घाणा खरवडला, पुसला, कोरडा केला, आणि मोटर चालू केली. तेल सुटलं. एरवी तेल आटलं की तो थांबायचा. आज धार आटून नुसते थेंब झाले तरी थांबेना. पेंड उकरायचा, चुरायचा, परत लावायचा.

“अरे लाकूड जळंल माझं!” बाबूसिंग ओरडला.

“अजून हाय आत, शेठ! मला दिसून राह्यलंय!”

वाळवून, दळून, फडक्यातून गाळून पीठ झालं. मॅडम फोनवर म्हणाल्या, घरच्यात तेल किती राहिलं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. सुकन्यानं नमुना कॉलेजच्या लॅबमध्ये दिला. चार दिवस ग्यानोबा बोर्डाच्या निकालाची वाट बघितल्यासारखा फिरत होता.

“आबा, सोळा आलं.”

“अन् कंपनीचं?”

“बारा.”

“चार राह्यलंच कसं!” त्याला ते मनाला लागलं. “पुढच्या बारीला बघतो.”

“दीड चमचा चालंल म्हणल्या मॅडम.”

“दीड तर दीड!”

महिन्यानं दवाखान्यातल्या काट्यावर तो चढला तेव्हा सुकन्यानं डोळे झाकून घेतले. सिस्टरनं आकडा मोठ्यानं वाचला, “सत्तावन्न.” ग्यानोबा खाली उतरला, चपला काढायच्या राहिल्या म्हणाला, काढल्या, परत चढला. तरी सत्तावन्न. पंचफुलाबाईनं दवाखान्यातच पदरानं तोंड झाकलं.

सोमवारपासून तो परत घाण्यावर कामाला जायला लागला, बारा ते चार.

घाण्यावर जेवणाची एक रीत आहे. दुपारी मोटर बंद करायची, डबे उघडून मधे ठेवायचे, ज्याची त्याची चटणी सगळ्यांची. आणि तेलाच्या पिंपाजवळ जो बसेल त्यानं पळी घेऊन प्रत्येकाच्या चटणीवर ताज्या तेलाची धार सोडायची. कुणाला विचारायचं नाही. घाण्यावरचा माणूस, त्याला काय विचारायचं.

त्या दिवशी पिंपाजवळ लालसिंग हमाल बसला होता. बाबूसिंगनं ग्यानोबाच्या डब्यात बोट बुडवून चाटलं. “आयला, चांगली लागते की पेंड!”

“माझ्या हातची हाय, शेठ.”

लालसिंगनं सवयीनं पळी पुढं आणली. “ग्यानोबामामा, घ्या. सकाळच्या घाण्याचं हाय, कोमट.”

तेलाचा वास आला. भाजल्या दाण्याचा, गोडसर. ग्यानोबानं तो छातीभरून घेतला. पळी कलली तेव्हा त्यानं चटणीवर आपला पालथा हात धरला. धार हातावर पडली.

“अरे हां. इसरलोच मामा,” लालसिंग ओशाळला.

“न्हाई रे. असू दे.”

हातावरचं तेल त्यानं दुसऱ्या हातानं मनगटावर, मग कोपरापर्यंत हळूहळू जिरवलं. पार कोरडं होईस्तोवर. मग हात धोतराला पुसला आणि भाकर मोडली.