पाचव्या पानानंतरचं ऊन

रामनगरात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, लग्नं, निवडणुका, या भागातले निम्मे चेहरे माझ्याच हातून उजळून निघतात. बाजारकुणंगच्या आतल्या वाडीतली मयूरी "रेश्माक्का, मला कंप्युटरवर रंग भरायला शिकवा" म्हणत आली, तेव्हा मी आधी टाळलंच. शिकायला येणारे आठवड्यात पळ काढतात. ही अठरा वर्षांची पोरगी मात्र चिवट निघाली.

तिला आठ पानांचं कॉमिक करायचं होतं. बेळगावचा एक गट रस्ता नसलेल्या वाड्यांच्या गोष्टी छापणार होता. सोमवारपर्यंत पाठवायचं होतं. गोष्ट तिच्या घरचीच. ती पाच वर्षांची असताना आई, केशर, तापानं फणफणली. वाडीतले गडी कामावर गेलेले. बाप, परशू, एकट्यानं तिला पाठीवर घेऊन जंगलातून रस्त्यापर्यंत आला. जीप मिळाली, पण आई दवाखान्यात वारली.

"बाबानं व्हय म्हटल्याबिगर पाठवायचं न्हाई," हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं आठ चौकोन आखले. घर, चढ, बांबूचं बेट, माळ, ओढा, रस्ता, जीप, दवाखाना. चित्रं तिचीच, हात चांगला होता. मी रंग दाखवले. आधी सपाट रंग भरून घे. सावलीसाठी वेगळा थर घे, तो मल्टिप्लायवर टाक, म्हणजे खालचा रंग मरत नाही. सावलीला काळा घेऊ नकोस, जांभळट निळा घे. आणि उजेड सगळ्या पानांवर वरून डावीकडूनच ठेव, म्हणजे घोळ होत नाही. तिनं सगळं निमूट ऐकलं.

रविवारी ती बापाला दुकानात घेऊन आली. परशूमामांना ना मराठी वाचता येत, ना कन्नड. मी खुर्ची दिली, ते उभेच राहिले. मयूरीनं एकेक पान पुढं सरकवलं. आठही पानं पाहून ते म्हणाले, "ऊन हाललंच न्हाई की गं."

"म्हंजे?"

"ह्यो मानूस घरातनं निघतोय तवा बी सावली तितंच, रस्त्याला लागला तरी तितंच. चालतोय कुठं ह्यो? हुबाच हाय."

मला राग आला. पंधरा वर्षं मी उजेड डावीकडूनच टाकते, आजवर एकाही नवरदेवानं तक्रार केली नाही. पण मामांचं बरोबर होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"मग सांगा मामा, कुठं कशी होती," मी म्हटलं.

त्यांना सगळं आठवत होतं. घरातून निघाले तेव्हा सावली लांबलचक, पुढं पडलेली. चढावर कमरेएवढी. बांबूत सावली कळत नव्हती, तिथं नुसते कवडसे. माळावर आखडत आलेली. ओढ्यात तिला पाणी पाजलं तेव्हा पार पायात. रस्त्याला लागले तेव्हा पुन्हा लांब, मागं पडलेली, ऊन तांबूस. मयूरी ऐकता ऐकता जुने थर पुसून नवे भरत होती. पाचवं पान झालं, सहावं झालं, आणि तिचा हात थांबला.

दोन्ही पानं तिनं शेजारी शेजारी लावली.

"बाबा, वड्यापास्नं रस्ता अर्ध्या तासाचा हाय."

तिनं पडद्यावर आधी पाचव्या, मग सहाव्या पानावर बोट ठेवलं.

"हितं दुपार हाय. हितं दिवस बुडाय आलाय. मदी काय केलंस?"

बाहेर एक ट्रक वळत होता. तो गेल्यावर मामा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "वडा वलांडला आनि ती पाठीवर जड झाली. गेली तितंच. मी बसलो तिला घिऊन."

"दवाखान्यात गेली म्हनालतास."

"डाक्टरानं बगावं म्हनून नेली. त्यानं बगितली."

मला तिथून उठावंसं वाटलं, पण दुकान माझंच होतं. मयूरी रडली नाही. तिला राग आला होता, तो तिच्या आवाजात ऐकू येत होता.

"तेरा वर्सं मला खोटं सांगिटलंस. का?"

"तू पाच वर्साची हुतीस," मामा म्हणाले. "शाळंला जायाची वाट तीच हुती. रोज येकटीच जानार हुतीस तिकडनं."

त्यांनी एक बोट ओढ्याच्या आणि रस्त्याच्या चित्रांमधल्या रिकाम्या जागेवर टेकवलं.

"काड आता हितं. शाळा झाली की तुजी."